दर सोमवारी ‘ऑफलाइन’ होणारं झेरॉक्स मशीन: ॲडमिन सेटिंगमध्ये नेमकं काय बघायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. नऊ कॉम्प्युटर, एक राउटर, एक स्विच आणि सगळ्यांत मिळून एक मोठं मशीन. प्रिंट, कॉपी, स्कॅन सगळं त्यावरच होतं, पण काउंटरवर त्याचं नाव अजून ‘झेरॉक्स’च आहे. वर्षभर दर सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मला तोच फोन यायचा: “सर, झेरॉक्स लागत नाहीये.” आणि वर्षभर मी तेच उत्तर देत होतो, बंद करून चालू करा. कधी चालायचं, कधी नाही. चाललं की विषय संपायचा, पुढच्या सोमवारपर्यंत.

सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. गावाकडचे सभासद त्याच दिवशी सोन्याचे दागिने ठेवायला, कर्जाचे कागद द्यायला येतात. सातबारा, आधार, पॅन, जामीनदाराचे कागद स्कॅन होऊन मुख्य शाखेला गेल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. एका सोमवारी एक आजी सकाळी अकरापासून दुपारी अडीचपर्यंत बाकावर बसून होत्या आणि त्यांची परतीची एसटी चुकली. त्या दिवशी ठरवलं, आता मशीन नुसतं चालू करून द्यायचं नाही, ते बंद का पडतं हे शोधायचं.

शोधल्यावर कळलं की ‘लागत नाही’ या एकाच वाक्यामागे तीन वेगवेगळे दोष होते. त्यातले दोन सोमवारीच डोकं वर काढायचे, म्हणून ते एकच वाटायचे. तिन्हींचा उपाय मशीनच्या काचेखाली किंवा टोनरमध्ये नव्हता, ॲडमिनिस्ट्रेटर सेटिंगमध्ये होता. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत हेच चालू असेल तर पुढचं वाचा.

आधी तक्रार नीट ऐका

फोन आला की पहिला प्रश्न: साधी कॉपी निघते का? काचेवर कागद ठेवून कॉपी निघत असेल तर मशीन ठणठणीत आहे. कॉपीला नेटवर्क लागत नाही. मग सर्व्हिस इंजिनिअरला बोलवून काही उपयोग नाही, तो येईल, रोलर पुसेल आणि जाईल.

दुसरा प्रश्न: प्रिंट एकाच कॉम्प्युटरवरून जात नाही की सगळ्यांवरून? एकाच ठिकाणचा अडथळा त्या कॉम्प्युटरचा. सगळ्यांचा एकदम असेल तर मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता किंवा राउटर.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तोच सगळ्यात कामाचा आहे: प्रिंट जाते, पण स्कॅन जात नाही, असं आहे का? आणि स्कॅन फोल्डरला जात नाही की मेलला? कॉम्प्युटर मशीनला शोधतो तेव्हा प्रिंट निघते. स्कॅन टू फोल्डरमध्ये उलटं असतं, मशीन कॉम्प्युटरला शोधतं आणि त्याच्या दारात युजरनेम-पासवर्ड दाखवतं. मेलमध्ये मशीन थेट इंटरनेटवर जातं. तीन वाटा, तिन्हींवर वेगवेगळी कुलपं.

मी काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवली. तारीख, वार, वेळ, काय चाललं नाही, आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा. सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. प्रिंट फक्त सोमवारी अडते. मेलही बहुतेक सोमवारी, पण प्रिंट सुरळीत झाल्यावरही अडलेलीच राहते. आणि फोल्डरचं स्कॅन वाराचं बंधन पाळत नाही. शाखाधिकारी मॅडमनी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला की ते बंद.

ॲडमिन पासवर्ड कुणाकडे आहे?

काहीही करण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो. आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हता. मशीन बसवणाऱ्याने बसवताना टाकला होता आणि तो माणूस ती नोकरी सोडून गेला होता.

मशीनच्या सेटिंगमध्ये जायची सोपी वाट ब्राउझरमधून आहे. मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं स्वतःचं वेब पान उघडतं. कॅननमध्ये त्याला रिमोट यूआय म्हणतात, रिकोमध्ये वेब इमेज मॉनिटर, क्योसेरामध्ये कमांड सेंटर आरएक्स, ब्रदरमध्ये वेब बेस्ड मॅनेजमेंट, एप्सनमध्ये वेब कॉन्फिग. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देईल, कारण मशीनचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. पत्ता आपल्याच ऑफिसातल्या मशीनचा आहे याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही.

कंपनीकडून आलेला मूळ पासवर्ड जुन्या मशीनमध्ये सरसकट एकच असायचा आणि तो मॅन्युअलमध्ये छापलेला असायचा, म्हणजे जगात कुणालाही माहीत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून नेटवर्कला जोडायच्या उपकरणांना असा सरसकट पासवर्ड देणं कायद्याने बंद केलं. आता बऱ्याच नव्या मशीनवर प्रत्येकाचा वेगळा मूळ पासवर्ड मागच्या बाजूच्या लेबलवर असतो, किंवा मशीनचा सिरियल नंबर हाच पासवर्ड असतो. आधी लेबल बघा.

अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर बरीच मशीन ॲडमिन लॉगिन काही वेळासाठी बंद करतात. आणि घाईने फॅक्टरी रीसेट तर करूच नका. त्यात ॲड्रेस बुक (स्कॅन कुठे पाठवायचं ती यादी), नेटवर्क, मेल सगळं पुसलं जाऊ शकतं. आम्ही सर्व्हिस इंजिनिअरकडून फक्त ॲडमिन पासवर्ड रीसेट करून घेतला, लगेच नवा टाकला, आणि तो बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला. पाकिटावर तारीख आणि माझी व मॅडमची सही. कुणी म्हणेल, प्रिंटरच्या पासवर्डसाठी तिजोरी कशाला. त्या मशीनमध्ये मेलचा पासवर्ड आहे, फोल्डरचा पासवर्ड आहे आणि हजारो सभासदांच्या आधार कार्डांची वाट त्यातून जाते. म्हणून तिजोरी.

आत गेल्यावर पहिलं काम: ॲड्रेस बुक आणि सेटिंगचा बॅकअप कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणं. बहुतेक मशीनमध्ये एक्सपोर्ट किंवा बॅकअप नावाने तो पर्याय असतो. दहा मिनिटं लागतात, पण नंतर हात मोकळे राहतात.

सोमवारचं कोडं

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी शिपाईमामा मेन स्विच खाली करून जातात. जुनी इमारत, जुनी वायरिंग, त्यांचं बरोबरच आहे. पण त्यामुळे राउटर आणि मशीन दोन्ही बंद होतात.

राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो, कुणाला कोणता दिला याची यादी ठेवतो. स्वस्तातल्या राउटरमध्ये ही यादी बहुधा नुसत्या मेमरीत असते. वीज गेली की यादी गेली. सोमवारी मेन स्विच वर केला की नव्याने वाटप. मशीन गरम व्हायला वेळ घेतं, तोवर कर्मचाऱ्यांचे मोबाइल वायफायला लागलेले असतात. मशीनकडे शनिवारी जो पत्ता होता, १९२.१६८.१.१०४, तो सोमवारी एखाद्या मोबाइलच्या वाट्याला. नऊ कॉम्प्युटर मात्र प्रिंट अजून १०४ लाच पाठवत बसतात. विंडोज म्हणतं, प्रिंटर ऑफलाइन. खरं तर प्रिंटर शेजारीच चालू असतो, फक्त पत्ता बदललेला. (पत्ते इथे मराठी आकड्यांत लिहिले आहेत, मशीनमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे.)

याची खात्री करायची एक साधी युक्ती आहे. मशीन बंद करा आणि कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीतून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून, त्याच्या जुन्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाकून हाक मारा. बंद मशीनच्या पत्त्यावरून उत्तर आलं, तर तिथे दुसरंच कुणीतरी राहायला आलंय. उत्तर नाही आलं तरी राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, कारण काही मोबाइल पिंगला उत्तर देत नाहीत.

दिवसा लाईट जाऊन येते तेव्हा आणखी एक प्रकार होतो. आमचे कॉम्प्युटर यूपीएसवर आहेत, मशीन नाही; लेझर मशीनमधला फ्यूझर, म्हणजे टोनर कागदावर चिकटवणारा भाग, तापताना जो झटका घेतो तो छोट्या यूपीएसला झेपत नाही. लाईट आली की मशीन आणि राउटर एकदम उठतात. राउटर पूर्ण जागा व्हायला एक-दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात मशीन पत्ता मागून थकतं आणि स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतं, १६९.२५४ ने सुरू होणारा. मशीनच्या पडद्यावर किंवा नेटवर्कच्या छापील पानावर १६९.२५४ दिसलं, की समजायचं राउटरकडून त्याला उत्तर मिळालं नाही. केबल निघालेली असते किंवा राउटर झोपलेला असतो.

यावर उपाय दोन सांगितले जातात. एक, राउटरमध्ये मशीनच्या मॅक पत्त्यासाठी (कारखान्यातूनच आलेला त्याचा ओळख क्रमांक) आयपी राखून ठेवणं. दुसरा, मशीनमध्येच कायमचा पत्ता टाकणं. पुस्तकी दृष्टीने पहिला सुटसुटीत, सगळं एका ठिकाणी राहतं. पण जिथे लाईट जाते तिथे माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पत्ता राखून ठेवला तरी तो राउटरकडूनच मागावा लागतो, आणि राउटर उठलेला नसेल तर पुन्हा १६९.२५४. मशीनमध्येच टाकलेला पत्ता कुणाच्या उठण्याची वाट बघत नाही.

राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर मशीनला त्या पट्ट्याबाहेरचा द्या, आम्ही ५० दिला. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) बंद, आयपी १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि डीएनएस. शेवटचे दोन लोक रिकामे सोडतात, कारण त्यांच्याशिवायही प्रिंट मस्त निघते. मग आठ दिवसांनी मेलचं स्कॅन जात नाही म्हणून डोकं धरतात. गेटवेशिवाय मशीनला ऑफिसबाहेर जाता येत नाही, आणि डीएनएसशिवाय मेल सर्व्हरचं नाव ओळखता येत नाही. चारही रकाने भरा. केबल लावलेली असेल तर मशीनचं वायफाय बंद ठेवा.

आता प्रत्येक कॉम्प्युटरवर पोर्ट, म्हणजे प्रिंट कोणत्या वाटेने पाठवायची ते, बदलायचं. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट टिक असेल तर ते सोडून नवं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा, पत्ता ५० चा, प्रकार रॉ, नंबर ९१००. डब्ल्यूएसडी हे आपोआप शोधून जोडणारं पोर्ट आहे. घरी ठीक, ऑफिसात त्याने मला फार छळलंय. त्याच खिडकीत खाली एसएनएमपी स्टेटसची टिक असते. विंडोज त्यातून मशीनची तब्येत विचारतं. सुरक्षेसाठी तुम्ही मशीनमध्ये एसएनएमपी बंद केलं असेल आणि ही टिक राहिली असेल, तर उत्तर न मिळाल्यामुळे विंडोज चालू मशीनला ऑफलाइन ठरवतं. एक बंद केलं की दुसरंही काढा.

एवढं झाल्यावर सोमवारची प्रिंट सुरू झाली. मग दोन महिन्यांनी केबलवाल्याने राउटर बदलला. नवा राउटर १९२.१६८.०.१ वाला, आमचं मशीन १९२.१६८.१.५० वर एकटंच पडलं. अशा वेळी मशीन आणि नऊ कॉम्प्युटर बदलत बसू नका. नव्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता जुन्यासारखा १९२.१६८.१.१ करा, पट्टाही तोच ठेवा. आता केबलवाल्याला सांगून ठेवलंय, राउटरला हात लावण्याआधी मला फोन.

मेल अडायची ती घड्याळामुळे

हे सापडायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. मशीनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. मी बघितली तेव्हा मशीन कित्येक वर्षं मागे होतं.

मशीनमध्ये घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल असतो. तो संपला की मेन स्विच बंद झाल्यावर घड्याळ पुन्हा मूळ तारखेला जातं. मेल सर्व्हरशी बोलताना मशीन आधी त्याचं प्रमाणपत्र तपासतं: कधीपासून कधीपर्यंत वैध? मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ते बोलणं तोडतं. पडद्यावर मात्र ‘कनेक्शन एरर’ एवढंच. काही जण यावर प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतात. मेल जाते, पण समोर खरंच मेल सर्व्हर आहे की आणखी कुणी, हे मशीन मग विचारतच नाही. सभासदांचे कागद पाठवणाऱ्या ठिकाणी हे करू नये असं मला ठामपणे वाटतं.

बरोबर उपाय म्हणजे तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये एसएनटीपी किंवा एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय, चालू करणं. टाइम झोन +५:३०, आणि वेळ देणारा सर्व्हर. आपली भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, आणि केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्येही घड्याळं तिच्या किंवा राष्ट्रीय माहिती केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. आम्ही एनआयसीचा ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ (samay1.nic.in) टाकला. मशीन चालू झालं की मिनिटाभरात स्वतःची वेळ दुरुस्त करतं. सेल बदलून घेतला तर उत्तम, पण तो नाही बदलला तरी काम अडत नाही. यालाही गेटवे आणि डीएनएस लागतात, म्हणून वर त्या दोन रकान्यांवर एवढा जोर दिला.

घड्याळाचा फटका फक्त मेलला बसत नाही. ज्या मोठ्या ऑफिसात विंडोजचं डोमेन आहे, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून होतं, तिथे लॉगिनच्या कर्बेरॉस पद्धतीत मूळ सेटिंगनुसार मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही मशीन नाकारलं जातं आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

मेलबद्दल आणखी दोन गोष्टी. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड मशीनमध्ये चालणार नाही. साध्या खात्यांसाठी गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवायचा आणि तोच मशीनमध्ये टाकायचा. पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, किंवा ४६५ आणि एसएसएल. पोर्ट २५ वर वेळ घालवू नका, बहुतेक इंटरनेटवाले ते अडवतात. आणि इथे पुन्हा पुन्हा होणारा घोटाळा असा: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. कुणीतरी मोबाइलवर पासवर्ड बदलतं आणि मशीनची मेल बंद पडते, दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मशीनसाठी वेगळं मेल खातं काढा, जे कुणाच्याही मोबाइलवर नसेल.

दुसरी, आकार. ए-फोर पान रंगीत, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, दाबल्याशिवाय एका पानाचे २६ एमबीच्या आसपास. मशीन ते दाबून पाठवतं, तरी जाड फाईल सहज मर्यादेबाहेर जाते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आणि जोडलेली फाईल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे हातात १८ एमबीच. मजकुराच्या कागदांना २०० डीपीआय काळं-पांढरं पुरतं. ॲडमिनमधून हेच डिफॉल्ट करून ठेवा, काउंटरवर घाईत कुणी बदलणार नाही.

फोल्डरचं स्कॅन: मॅडमचा पासवर्ड मशीनला का द्यावा?

मशीन बसवणाऱ्याने सोपी वाट काढली होती. मॅडमच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलं आणि त्यांचंच युजरनेम-पासवर्ड ॲड्रेस बुकमध्ये टाकलं. मॅडम नियमाप्रमाणे पासवर्ड बदलायच्या, मशीनला जुनाच माहीत. ज्या दिवशी त्यांनी नियम पाळला त्या दिवशी स्कॅन बंद. चूक त्यांची नव्हतीच.

उपाय: त्या कॉम्प्युटरवर फक्त स्कॅनसाठी एक लोकल युजर बनवा. ॲडमिन अधिकार नाहीत, साधा युजर. विंडोज प्रोमध्ये लोकल युजर्स अँड ग्रुप्समध्ये ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ला टिक करा. पिन चालत नाही, मशीनला खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. फोल्डरचं आणि युजरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी द्यायची असते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्ये. दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते, म्हणून एका ठिकाणी देऊन दुसरं विसरलं की ‘लॉगिन झालं पण लिहिता येत नाही’ असं होतं. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये युजरनेमच्या आधी कॉम्प्युटरचं नाव आणि उलटी तिरपी रेघ टाकून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच चालतं. त्या कॉम्प्युटरला स्लीपमध्ये जाऊ देऊ नका, आणि त्यालाही कायमचा पत्ता द्या.

राउटर बदलल्यावर विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं. मग विंडोजची फायरवॉल फोल्डर शेअरिंगचं ४४५ पोर्ट बंद करते. केबलवाला येऊन गेल्यावर आमचं स्कॅन याच कारणाने बंद होतं. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं आणि झालं.

आता एसएमबी-१ बद्दल, कारण यावर सगळीकडे चुकीचा सल्ला दिला जातो. जुनी मशीन फोल्डरला फाईल टाकताना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाईल देण्या-घेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती वापरतात. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकलं तर ती बसवलेलीच नसते. लोक सांगतात, विंडोज फीचर्समध्ये जा, टिक करा, चालू. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आणि २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हे व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून पसरले. नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीचं काम जगभर ठप्प केलं आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही थांबलं, कंटेनरच्या रांगा लागल्या. पतसंस्थेच्या नऊ कॉम्प्युटरांवर तेच दार पुन्हा उघडायचं, तेही एका स्कॅनसाठी, हे मला पटत नाही. आधी मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं करून घ्या, काही मशीनमध्ये त्यातून दुसरी-तिसरी आवृत्ती येते. नाहीच आली तर मेलने पाठवा, पेनड्राइव्हवर घ्या, किंवा कॉम्प्युटरवरच्या स्कॅन सॉफ्टवेअरने मशीनकडून फाईल ओढून घ्या. एक पाऊल जास्त पडतं, पडू द्या.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर आणखी एक लाट आली. प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबी सायनिंग सक्तीचं झालं, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर डिजिटल सही हवी. ‘एव्हरीवन, पासवर्ड नको’ अशी उघडी फोल्डरं ठेवणाऱ्यांचं स्कॅन एका अपडेटमध्ये बंद झालं, कारण बिनपासवर्डाच्या पाहुण्याला सही करता येत नाही. इथेही उत्तर तेच, वर सांगितलेला वेगळा स्कॅन युजर आणि खरा पासवर्ड. सायनिंग बंद करायचे आदेश इंटरनेटवर मिळतील, तो शेवटचा पर्याय समजा.

प्रिंट जाते, पण कागद येत नाही

कॉम्प्युटर म्हणतो पाठवलं, मशीनचा दिवा लुकलुकतो, आणि काहीच बाहेर येत नाही. एरर नाही, रांगेत अडकलेलं नाही. बहुतेक वेळा ॲडमिनमध्ये डिपार्टमेंट कोड, युजर कोड किंवा जॉब अकाउंटिंग चालू केलेलं असतं, कोण किती पानं काढतं ते मोजायला. कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरमध्ये तो कोड टाकलेला नसेल तर मशीन ते काम गुपचूप रद्द करतं. मशीनच्या पडद्यावर जॉब लॉग उघडा, तिथे रद्द झाल्याची नोंद सापडते. एकतर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कोड टाका, नाहीतर मोजणी बंद करा.

मशीन परत देताना

आमचं आधीचं मशीन भाड्याचं होतं, पानामागे पैसे. करार संपल्यावर ते उचलून नेलं आणि आम्ही काहीच पुसलं नव्हतं. ॲड्रेस बुकमधले पासवर्ड, मेल खातं, आणि हार्ड डिस्क असलेल्या मशीनमध्ये साठवलेल्या कामांच्या प्रती, सगळं तसंच बाहेर गेलं. त्याची बोचणी मला अजून आहे. मशीन जाण्याआधी ॲडमिनमधून साठवलेली कामं आणि ॲड्रेस बुक पुसा, डिस्क ओव्हरराइट किंवा सगळा डेटा पुसण्याचा पर्याय असेल तर तो पूर्ण होईपर्यंत थांबा, आणि मशीनमध्ये वापरलेले मेलचे व फोल्डरचे पासवर्ड त्याच दिवशी बदला. फॅक्टरी रीसेटची खरी वेळ ही आहे.

सगळं बदलून झाल्यावर गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी थांबलो. मामांना मेन स्विच खाली करायला सांगितला, पाच मिनिटांनी वर केला, आणि राउटर मुद्दाम सगळ्यांत शेवटी लावला, म्हणजे वाईटातली वाईट सोमवार सकाळ. पत्ता ५० च राहिला. राउटर उठल्यावर घड्याळ बरोबर झालं. कॉपी, फोल्डर, मेल चाललं, आणि आठ कॉम्प्युटरांवरून प्रिंट निघाली. कॅश काउंटरच्या कॉम्प्युटरवर जुनं १०४ चं पोर्ट तसंच राहिलं होतं. ते बदललं, एक पान काढून बघितलं आणि वहीत नोंद केली.